झाडाखाली काय आहे?



वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात भरते, हे माझ्या विषयाच्या पथ्यावरच पडलं. वळवाच्या वावटळी सुरू झाल्या आहेत, मृग तोंडावर आहे, आणि गावोगावच्या घरमालकांना परसातल्या झाडाची आठवण नेमकी आता होते आहे. मग घाईघाईत कुऱ्हाडवाला बोलावला जातो आणि झाड तरी जातं, नाहीतर अर्धवट सोलपटून उभं राहतं. दोन्ही टाळता येतं.

सुरुवात पारसपासून करतो. 9 एप्रिल 2023, रविवारची संध्याकाळ. अकोला जिल्ह्याच्या बाळापूर तालुक्यातल्या या गावी बाबूजी महाराज संस्थानाच्या आवारात वादळी पाऊस आला. माणसं पत्र्याच्या शेडखाली होती. शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड त्या शेडवर कोसळलं आणि 7 जणांचा जीव गेला. यावर बोलताना लोक झाडाचं वय काढतात. मला शेड जास्त महत्त्वाची वाटते. तेच झाड माळावर पडलं असतं, तर सरपण कोणी न्यायचं यापलीकडे चर्चा झाली नसती.

झाडाचा धोका मोजण्याचं सगळं शास्त्र इथून सुरू होतं. झाड मोडण्याची शक्यता किती, मोडलं तर कोणावर पडेल, आणि पडल्यावर नुकसान काय होईल, असे हे तीन प्रश्न. आपण पहिल्यावर अडकतो आणि दुसरा विचारतच नाही. तो सर्वांत सोपा आणि स्वस्त आहे. चिंचेखालचा गोठा वीस पावलं सरकवायला जेवढा खर्च येतो, तेवढा ती चिंच सुखरूप उतरवायलाही पुरत नाही. बाजेवरचं अंथरूण, ट्रॅक्टर, अंगणवाडीची खेळायची जागा, एसटीचा थांबा: झाड हलत नाही, या गोष्टी हलतात.

आता झाडाकडे वळू. बहुतेक माणसं मान वर करून शेंडा बघतात. तुम्ही खाली बघा. मुळांचा मोठा भाग वरच्या दोन फूट मातीत असतो आणि फांद्यांच्या घेराच्या बराच बाहेर पसरलेला असतो. कोकणातल्या कातळावर तर सुरुंग लावून खड्डे केले, त्यात माती भरली आणि कलमं लावली. तिथे मुळांना पसरायला जागा मिळते ती तेवढीच. पाइपलाइनसाठी जेसीबीने बुंध्यालगत चर खणला, की त्या बाजूचा आधार गेला. झाड हिरवंगार दिसत राहतं आणि दोनतीन पावसाळ्यांनी आडवं होतं. तोवर चर कोणाच्या लक्षातही राहत नाही, आणि दोष वाऱ्याला मिळतो.

दुसरा घात पाराचा. जुना पार दगडांचा, सांध्यांतून पाणी मुरू देणारा. हल्ली बुंध्याभोवती दोनतीन फूट माती चढवून, वर सिमेंट ओतून फरशी बसवतात. मातीखाली गेलेली साल कुजते, मुळांचा श्वास कोंडतो. हौसेने आणि निधी खर्चून केलेलं हे सुशोभीकरण मला तरी झाडतोडीइतकंच वाईट वाटतं. निदान बुंध्यापासून हातभर जागा मोकळी ठेवा.

बुंध्याशी वाकून बघा. पंख्यासारखी, लाकडासारखी टणक बुरशी जमिनीलगत आली असेल, तर आत कुजणं बरंच पुढे गेलेलं असतं. आंब्याच्या खोडाला भोकं आणि खाली भुसा म्हणजे खोडकिडा. झाड कललेलं असेल, तर त्यातही फरक करायला हवा. लहानपणापासून कललेलं झाड वर वळून स्वतःचा तोल सांभाळतं. यंदाच कललं असेल आणि पाठीमागची जमीन उचलून भेग पडली असेल, तर त्याच दिवशी खालची माणसं, जनावरं हलवा. दोन जाड खांद्या अगदी चिकटून वर गेल्या असतील, तर त्यांच्या बेचक्यात साल दबलेली असते आणि सांधा कच्चा राहतो. असं झाड वादळात मधोमध उभं फाटतं.

ढोलीला मात्र उगाच भिऊ नका. बांबू पोकळच असतो. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माटहेक यांनी मोडलेल्या आणि उभ्या झाडांच्या मापांवरून एक ढोबळ प्रमाण मांडलं: सर्व बाजूंनी निरोगी लाकडाची भिंत त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी असेल, तर पोकळ खोडही तग धरतं. म्हणजे एक मीटर जाडीच्या खोडाला पंधरासोळा सेंटिमीटरची भिंत. ढोलीचं तोंड मोठं उघडं असेल, तर हा हिशोब चालत नाही. लाकडी हातोडीने खोड चहूबाजूंनी ठोकत गेलं की भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला कळतो. शंका उरली तर जाणकाराला बोलवा. घुबडं, पोपट, धनेश यांची घरटी याच ढोल्यांत असतात, हेही विसरू नका.

आता छाटणी. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं करवतीने उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंती घालून कुजणं कोंडून टाकतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं दिसतं. ही भिंत तिथे उभी राहते, म्हणून काप त्या कड्याच्या किंचित बाहेर घ्यायचा. खोडालगत साफ कापलं की कडं जातं, आणि वितभर खुंट ठेवला की तो कुजत आत शिरतो. जड फांदीला तीन काप लागतात. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, तिसरा हिस्सा जाडीपर्यंत. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी खाली येते, पण साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने, कड्याबाहेरून. पहिला काप वाचवणारे गडीच खोडाची दोन हात साल ओरबाडून ठेवतात. आणि शेंडा कधीही उडवू नका. त्या जागी धुमाऱ्यांचा झुबका फुटतो, वरवर चिकटलेला. चारपाच वर्षांत तो जड होतो आणि तुम्ही स्वतःच तयार केलेला धोका घरावर लोंबतो.

एवढं करूनही काही झाडं पडणारच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा सुपारी, नारळ, आंबा यांच्या वाड्या काही तासांत झोपल्या. त्यांत धडधाकट झाडंही होती. म्हणून वारा सुटल्यावर झाडाखाली थांबायचं नाही, हा नियम पाहणी केलेल्या झाडालाही लागू आहे. तारेवरची फांदी महावितरणने वीज बंद केल्याशिवाय कोणी तोडायची नाही, हेही तसंच.

झाड तोडावंच लागलं, तर आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन, किंजळ ही झाडं राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते. तिला वेळ लागतो. तेव्हा या आठवड्यात फक्त वाळक्या फांद्या उतरवा आणि खालच्या वस्तू हलवा. मोठं काम दिवाळीनंतर, शांतपणे. आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळा, अंगणवाडी, थांबा आणि बाजारतळ यांच्यावरच्या झाडांची पाहणी हा विषय लेखी द्या. तोंडी दिलेला विषय इतिवृत्तात येत नाही.