विवाह, कुटुंब आणि वाटणी



जत्रेच्या दिवसांत अग्रशाळेत उतरणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. पूर्वी एका घराण्याची चूल एकच असे. आज एक भाऊ मुंबईहून येतो, दुसरा बेळगावहून, बहीण पुण्याहून. आणि प्रसाद घेताच तिघे तीन वाटांनी परततात. माणसे बदलली, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. परंतु स्वभावाला बोल लावण्यापूर्वी ते घर कशावर उभे होते, हे पाहणे उचित ठरेल.

पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोमंतकात १८७० पासून अमलात आली. तिने वारशात मुलगा व मुलगी यांना समान लेखले. मुले असताना मृत्युपत्राने निम्म्याच मालमत्तेची व्यवस्था लावता येई; उरलेला अर्धा भाग मुलांचा. विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता समाईक ठरे. १८८० च्या फर्मानाने हिंदूंच्या काही रूढी राखल्या. पत्नीला विशिष्ट वयापर्यंत अपत्य अथवा पुत्र न झाल्यास पतीला दुसऱ्या विवाहाची मुभाही ठेवली. ही सवलत कोणाच्या सोयीची होती, ते सांगावयास नको.

इतका उदार कायदा असूनही मुलीचा वाटा पिढ्यान्‌पिढ्या बहुधा कागदावरच राहिला, याचे कारण जमीन. भाट, कुळागर, शेत यांचे उत्पन्न एकत्र येई तोवरच घर एकत्र नांदे. लग्नातील दागिन्यांनी मुलीचा हक्क फिटला, अशी समजूत होती. हक्क सोडल्याच्या दस्तावर ती सही करी ती बहुधा कायदा ठाऊक नव्हता म्हणून नव्हे. चवथीला माहेरचे दार उघडे राहावे म्हणून.

१९६१ नंतर हा आधारच हलला. १९६४ चा कुळकायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्या कुळाला मालकी दिली. भाटकाराच्या घरातील कटुता सर्वश्रुत आहे. कुळाच्या घरी मात्र वाटण्याजोगे काही प्रथमच आले आणि तेथेही बहिणीच्या हिश्श्याचा प्रश्न उभा राहिला, याची चर्चा क्वचितच होते. पुढे मुलगे नोकरीस लागले, मुलीही शिकून मिळवत्या झाल्या. पगार हा ज्याचा त्याचा असतो. त्यावर सामाईक चूल फार काळ पेटत नाही. जिला स्वतःचे वेतन आहे, तिची विवाहाला संमती केवळ निबंधकाच्या वहीपुरती राहत नाही.

पुढे पर्यटन व बांधकाम वाढले आणि ज्या डोंगरउतारावर काजूपलीकडे काही पिकत नव्हते, त्यालाही गिऱ्हाईक आले. विक्रीला सर्व वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या लागतात. एकेकाळी जिची सही हक्क सोडण्यासाठी घेतली, तिच्याच धाकट्या बहिणीची सही विकण्यासाठी मागितली जाते, शेजारी जावयाचीही. तिने नकार दिला की ती लोभी ठरते. भावाने तिचा हिस्सा न विचारता धरून ठेवला, त्याला तो शब्द कोणी लावीत नाही.

वारसाविषयीचा भाग २०१२ च्या गोव्याच्या नव्या कायद्यात आला आणि तो २०१६ मध्ये अमलात आला. समान वाट्याचे तत्त्व मात्र तेच राहिले. महाजनकी तेवढी बहुतेक ठिकाणी पुरुषपरंपरेनेच चालते. ज्या महाजनाला केवळ मुलीच आहेत, त्याचे घर, भाट, बँकेतील ठेव त्यांच्याकडे जाते, देवाची वार्षिक सेवाही त्या विनातक्रार पाठवितात. आणि त्याच्यापश्चात महाजनांच्या यादीतील त्या घराण्याची ओळ तेथेच थांबते.