सेलवर तारीख घाला



जेऊरच्या आसपास, उजनीच्या पाण्याच्या कडेला, रात्रीचं रानात जाणं फारसं कुणाला चुकत नाही. विजेची पाळी रात्रीची आली की मोटार सुरू करायला, उसाला दारं धरायला माणूस निघतो आणि त्याच्या हातात बॅटरी असते. डिसेंबर 2020 मध्ये आपल्या करमाळा तालुक्यात बिबट्यानं तिघांचा जीव घेतला. 18 डिसेंबरला वांगी शिवारात त्याला गोळी घातली, तोवर केळीच्या बागेत पाऊल टाकायची छाती होत नव्हती. अशा रात्री बांधावर बॅटरी मिणमिणायला लागली तर काय वाटतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

बहुतेक घरांत सेल नसतात असं नाही. असतात, पण फडताळात, खिळे आणि किल्ल्यांच्या ढिगात, नवे-जुने एकत्र. अंधारात हाताला लागतील ते घातले जातात आणि खोड तिथंच आहे.

तीन सेलांच्या बॅटरीत सेल एकामागे एक लागतात आणि प्रत्येकाचे दीड व्होल्ट मिळून साडेचार होतात. त्यांत दोन नवे आणि एक वापरलेला असेल, तर वापरलेला आधी संपतो. पण नवे दोन थांबत नाहीत, ते त्या रिकाम्या सेलमधून वीज रेटत राहतात. त्याच्या आत उलटी क्रिया सुरू होते, वायू साठतो आणि सेल पाझरतो. साध्या सेलचं जस्ताचं भांडं हेच त्याचं इंधनही असतं. वीज देता देता ते आतून झिजतं, भोकं पडतात, आतला खारट चिखल स्प्रिंगवर येतो. अल्कलाइन सेलवर जी पांढरी बुरशी दिसते, ती पाझरलेल्या क्षाराची. नव्या एका सेलचे पैसे वाचवायला जावं आणि बॅटरीच गमवावी, असा हा व्यवहार आहे.

म्हणून माझी एकच विनंती आहे. सेल घालाल त्या दिवशी त्याच्या अंगावर पक्क्या शाईच्या पेननं तारीख लिहा आणि एकत्र घातलेल्या सेलांना एकच खूण करा. ते एकत्र घालायचे, एकत्रच काढायचे. वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या जातीचा सेल त्यांत मिसळायचा नाही. चार्ज होणारा सेल बहुधा 1.2 व्होल्टचा असतो, त्याची खूण निराळीच हवी. तारखेसाठी चिकटपट्टी लावलीत तर टोकं मोकळी ठेवा.

बॅटरीतून काढलेला सेल लगेच फेकण्याजोगा नसतो. बॅटरीला भरपूर वीज लागते, भिंतीवरच्या घड्याळाला अगदी थोडी. बॅटरीत थकलेला पेन्सिल सेल घड्याळात आणखी काही महिने चालतो. त्यावर ‘घड्याळ’ असं लिहून वेगळा ठेवा, मात्र मधूनमधून झाकण उघडून पाझरला नाही ना, ते बघत जा. सेल थकला का ते बघायचं तर मीटरचा आकडाही सेल कामाला न लावता घेतला तर फसवतो. दमलेला सेलसुद्धा नुसता धरला तर बरा आकडा दाखवतो. बल्ब लावून बघितलेलं खरं.

ठेवायला स्टीलचा मिसळणाचा डबा नको. धातूला दोन्ही टोकं टेकली की सेल आपोआप रिकामा होतो, नऊ व्होल्टचा चौकोनी सेल तर तापतोसुद्धा. प्लास्टिकचा डबा घ्या किंवा अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. मोठे सेल त्यात छान उभे राहतात. पत्र्याच्या घरात वरची फळी टाळा, ती फार तापते. आणि आपल्याकडे थकलेले सेल उन्हात ठेवायची रीत आहे, ती सोडून द्या. उन्हानं घटकाभर जीव आल्यासारखा वाटतो, पण सोलापूरच्या उन्हात पाझरण्याची घाईच होते.

आता सगळ्यात जपण्याची गोष्ट, बटणासारखे चपटे सेल. ‘सीआर 2032’ म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. तीन व्होल्टचा हा सेल खेळण्यात, वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत असतो. लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. उलटी करवू नका, वाट बघू नका. एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि सेलचं पाकीट सोबत न्या, त्यावरचा आकडा डॉक्टरांना लागतो. हे सेल डब्यात नव्हे, कुलपात ठेवा.

संपलेले सेल चुलीत किंवा पाचटाच्या जाळात टाकू नका, ते फुटतात. उकिरड्यावरही नकोत. तो उकिरडा उद्या खत होऊन आपल्याच केळीच्या मुळाशी जातो. 24 ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुने सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि ते घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची आपल्यावर. तेव्हा एक प्लास्टिकची बरणी ‘संपलेले’ अशी चिठ्ठी लावून ठेवा, चपट्या आणि चौकोनी सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. घरातलं कुणी ना कुणी जेऊर स्टेशनवरून पुण्याला किंवा सोलापूरला जात असतंच. तिथं ई-कचरा घेणाऱ्यांकडे सेल घेतात का ते आधी विचारून, बरणी त्या जाणाऱ्याबरोबर द्या.