एसाविराचा ग्नावा उत्सव

आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यांत, अटलांटिक महासागराच्या कांठीं, मोरोक्को देशाचें एसाविरा नांवाचें तटबंदीचें गांव आहे. युरोपीय खलाशी त्यास मोगादोर म्हणत. सुलतान सीदी मोहम्मद बिन अब्दुल्ला यानें अठराव्या शतकांत एका फ्रेंच स्थापत्यविशारदाकडून आराखडा काढवून हें बंदर वसविलें. सहारा ओलांडून येणारे उंटांचे तांडे या बंदरीं येत. त्यांच्या मालाबरोबर गुलाम म्हणून पकडलेलीं माणसेंही येत. १९९८ सालापासून या गांवीं, बहुधा जून महिन्यांत, जो संगीतोत्सव भरतो, त्याचें मूळ या माणसांच्या दुःखांत आहे.

अशा गुलामांचे वंशज ग्नावा या नांवानें ओळखले जातात. ते मुसलमान आहेत, आणि दास्यांतून मुक्त होऊन इस्लामचे पहिले मुअज्जिन झालेले हजरत बिलाल यांस ते आपले आद्यपुरुष मानतात. गिंब्री हें त्यांचें मुख्य वाद्य. लांकडाचा ओंडका आंतून पोखरून त्यावर उंटाचें कातडें ताणतात व आंतड्याच्या तीन तारा चढवितात. त्याचा खर्ज कानांपेक्षां छातीस अधिक जाणवतो. जोडीला लोखंडी कराकेब असतात. त्यांच्या नादांत पूर्वजांच्या बेड्यांचा खळखळाट आहे, असें परंपरेनें सांगतात.

हें गाणें मूळचें करमणुकीचें नव्हे. ग्नावांच्या मुख्य विधीस लीला म्हणतात. आपल्या लीला या शब्दाशीं त्याचा संबंध नाहीं, अरबींत त्याचा अर्थ रात्र असा आहे. घरांत दीर्घ दुखणें आलें किंवा कोणाच्या मनाचा तोल ढळला, म्हणजे ग्नावांस बोलावितात. रात्रीं आरंभलेला हा जागर पहांटेपर्यंत चालतो. सात रंग, त्या त्या रंगाचीं पदें, धूप आणि अदृश्य अधिपति, असा क्रम असतो. रोग्याच्या अंगांत येऊन तो पुन्हां शांत होईपर्यंत माअल्लम, म्हणजे उस्ताद, गिंब्री खालीं ठेवीत नाहीं. विधीचीं सूत्रें मात्र मुकद्दमा या स्त्रीच्या हातीं असतात.

उत्सवाचें दृश्य याहून निराळें. प्रारंभीं कवड्या लावलेल्या टोप्या घालून ग्नावांची मिरवणूक जुन्या गांवांतून निघते. मुलाय हसन चौकांत हजारों लोक विनामूल्य गाणें ऐकतात. जाझवादक व इतर देशांचे कलावंत माअल्लमांबरोबर तालीम करून एकाच मंचावर वाजवितात.

यांत हानि कोणती आणि लाभ कोणता? रात्रभराचा विधि घटकाभरांत आटोपावा लागतो. समोर रोगी नसतो, श्रोता असतो. थांबावयाचें केव्हां, हें रोग्याची अवस्था ठरवीत नाहीं, घड्याळ ठरवितें. उलटपक्षीं, ज्यांस एके काळीं भिकारी व मांत्रिक समजून दूर ठेवीत, त्यांस या उत्सवानें कलावंत म्हणून मान मिळवून दिला. २०१९ सालीं युनेस्कोनें ग्नावा परंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. उपेक्षेनें जी कला क्षीण झाली असती, तिला पुढची पिढी लाभली, हा लाभ लहान नव्हे.

एसाविराचे माअल्लम महमूद गीनिया यांच्या चरित्रांत या दोन्ही बाजू दिसतात. उत्सव सुरू होण्यापूर्वींच, १९९४ सालीं, अमेरिकन सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स यांनीं एसाविरांत त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केलें होतें. पुढें २०१५ च्या उत्सवांत, प्रकृति खालावली असतां, महमूद यांनीं भर मंचावर आपली गिंब्री पुत्र हुस्साम याच्या हातीं दिली; त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें ते निवर्तले. तो क्षण पाहण्याची संधि हजारों लोकांस उत्सवानें दिली. परंतु जी विद्या त्या वाद्याबरोबर पुढें गेली, ती मंचावरची नव्हती. ती पित्याच्या घरांतली होती. त्या घरांतील रात्री चालू राहतील, तोंपर्यंतच चौकांतील गाण्यास अर्थ राहील.