अकरावी सायन्सच्या पोरांचे कागद
(मेळाव्यातलं भाषण)

आपली पोरं अकरावी सायन्सला गेलीत. बायोलॉजी घेतलंय, नर्स, डॉक्टर व्हायचं म्हणतात. दहावीपुढं शिकणाऱ्या आदिवासींना सरकारी शिष्यवृत्ती १९४८ सालापासून आहे. पण अर्जाला जातीचा दाखला हवा, आणि दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० ला आजा इथंच राहत होता याचा पुरावा. सातबारा कुठून आणायचा? प्लॉट अजून फॉरेस्टच्या नावावर! गेल्या साली दाखल्यावाचून आपल्या एका पोरीचा अर्ज परत आला; ती आता वीटभट्टीवर आहे. तेव्हा आम्हीही झोपलो होतो, हे कबूल. सातबारा नसला तरी आजाचं, चुलत आजाचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरात शोधा, उतारा मागा. कोतवाल बुकातली जन्माची नोंदही चालते. येत्या रविवारी पेटीतले सगळे कागद घेऊन या, दंडाच्या पावत्यासुद्धा. फॉर्म आम्ही भरू.