तिथं देव नाही, तरी जायचं

(चोपडा येथील महिला मेळाव्यातील भाषणावरून)



आपल्याला घरातून बाहेर पडायला मनाई नाही. मनुदेवीला जाता येतं, उनपदेवला गरम पाण्यात आंघोळीला जाता येतं, सप्तशृंगीला तर मुक्कामानं. पण मागच्या वर्षी आम्ही १८ जणी मुंबईला राणीची बाग बघायला निघालो, तेव्हा एकीच्या सासूबाईंनी विचारलं, "तठे काय देव शे का?"

देव नाही, हीच तर अडचण. बाईनं घराबाहेर जायचं तर दवाखाना, बाजार, मयत नाहीतर नवस हवा. नुसतं बसायला जाणं हे कारणच होत नाही.

चोपड्याहून एस.टी.नं जळगाव, तिथून रात्रीची गाडी, दादरला उतरून लोकलनं भायखळा. बुधवारी बाग बंद असते, हे आधीच बघून ठेवलं होतं. ही बाग १८६२ साली लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. राणी म्हणजे व्हिक्टोरिया. पुढे वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव दिलं, तरी लोकांच्या तोंडी राणीच राहिली. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्याभोवती आमच्या बायका पेंग्विनपेक्षा जास्त वेळ रेंगाळल्या!

मला सांगायचं आहे ते झाडांचं. २००७ साली बागेच्या कायापालटाचा मोठा आराखडा आला. त्यात जुनी झाडं जातील म्हणून ज्यांनी आवाज उठवला, त्यांत बायका पुढे होत्या. त्यांनी झाडं ओळखली, माहिती मागवली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मूळ आराखडा बदलावा लागला. त्या आधी काय करत होत्या? बागेत येऊन बसत होत्या, झाडांची नावं शिकत होत्या. ज्या जागी आपण कधी बसलोच नाही, तिच्यासाठी भांडणार कशा?

दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडला. जेवण झाल्यावर एक बाई गवतावर चक्क आडवी झाली. पन्नाशीची, केळीच्या बागेत रोजंदारीनं जाणारी. दोन मिनिटांनी उठून पदर सावरला, इकडेतिकडे बघितलं, कोणी बघत नाही म्हटल्यावर परत आडवी झाली. म्हणाली, "ताई, झाडाखाली आजवर कामाच्या सुट्टीतच बसले. मुकादम हाक मारील असंच वाटतंय."

'व्हाय लॉइटर?' हे २०११ सालचं पुस्तक बाईच्या विनाकारण भटकण्याच्या हक्काबद्दल आहे. त्या बाईनं ते वाचलेलं नाही.

चार जणी मात्र आल्या नाहीत. दोघींना घरून नकार होता, दोघींची मुलं सांभाळायला कोणी नव्हतं. नकाराचं एका दिवसात होणार नाही. मुलांचं आज ठरवता येईल. पुढची सहल दिवाळीनंतर आहे. ज्या मागे राहून मुलं सांभाळतील, त्यांनी नावं द्या. त्याच्या पुढच्या खेपेला त्या जातील.