जमिनीतले विष ओढणारी झाडे



मागे पारोळा तालुक्यात एका गावी बैठकीत एका आबांनी विचारले, "साहेब, बोंडअळीचे बी.टी. बियाणे आले, तसे नाल्याच्या घाण पाण्याने नासलेली जमीन साफ करणारे बियाणे निघाले म्हणतात. दुकानात केव्हा येईल?" आबांच्या शेतात कारखान्याचे पाणी घुसले होते. म्हणून आज त्याच विषयावर बोलतो.

निघाले आहे, हे खरे. बी.टी. कपाशीत जिवाणूचा जनुक घातला, तिला 2002 साली आपल्याकडे परवानगी मिळाली. त्याच रीतीने अमेरिकेत पॉपलर झाडात सशाचा जनुक घालून कारखान्यातले विषारी द्रावण फोडणारे झाड तयार केले. तिथेच कॅलिफोर्नियात मोहरीवर हा प्रयोग झाला. जनुक बदललेल्या मोहरीने साध्या मोहरीच्या दुपटीहून जास्त सेलेनियम जमिनीतून ओढले. पण हे सगळे प्रयोगाच्या पातळीवर. भारतात अशा बियाण्याला लागवडीची परवानगी नाही. कोणी तसे पाकीट विकायला आणले, तर घेऊ नका, तालुका कृषी कार्यालयात कळवा.

आता महत्त्वाचे. द्रावणासारखे विष झाड फोडू शकते. शिसे, कॅडमियम हे मात्र धातू. ते फुटत नाहीत, मातीतून फक्त पानात जातात. म्हणजे जमीन थोडी हलकी झाली, पण पाला विषारी झाला. आपल्याला धैंचा, ताग गाडायची सवय. इथे नेमके उलटे आहे. असे पीक गाडले तर विष परत मातीत, बैलापुढे टाकले तर बैलाच्या पोटात, उकिरड्यावर टाकले तर खतात. साध्या मोहरीचेही तसेच. शिवाय अशा पिकाने जमीन निवळायला वर्षानुवर्षे लागतात.

म्हणून आधी ते पाणी बंद करा. बांध घाला, चर काढा, ग्रामपंचायतीत लेखी तक्रार द्या. अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यात मेथी, पालक, कोथिंबीर घेऊ नका, बांधावरचे गवतही गुरांना घालू नका.

आणखी एक. पुष्कळदा जमीन विषारी नसतेच, चोपण असते. पाणी मुरत नाही, माती वाळली की दगड. सामू 8.5 च्या वर गेलेला असतो. तिला उपाय आहे. निचऱ्याचे चर, परीक्षणाप्रमाणे जिप्सम, आणि धैंचा फुलावर येताच, दीड महिन्याच्या सुमारास, गाडणे. चर नसतील तर जिप्समचे पैसे वाया जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

विष की चोपण, हे नजरेने कळत नाही. मातीच तपासावी लागते. आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डा घेऊन, लोखंडी खुरपे न वापरता लाकडी कामटीने कडेची माती खरवडा, एकत्र करून अर्धा किलो ठेवा. आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात, त्यांत शिसे आणि कॅडमियम नसतात. तेव्हा "जड धातू तपासायचे आहेत, सोय कुठे आहे?" असे प्रयोगशाळेत आधीच विचारा. पिशवीत गट नंबर, मागचे पीक आणि पाणी कुठून येते, ही चिठ्ठी टाकायला विसरू नका.