फवारणी पंपाच्या बॅटरीवर फोन चार्ज: १२ व्होल्टचे ५ व्होल्ट घरी करताना

हेडफोन लावा, कारण आज कोडिंग नाही. आज सोल्डरिंग.

मी नोकरीने सॉफ्टवेअरवाला. गाव आंबवडे, भोर तालुका. नागेश्वराचं देऊळ आणि झुलता पूल बघायला तुमच्यातले काही जण येऊन गेले असतील. पावसाळ्यात आमच्याकडे वारा-पाऊस झाला की लाईट जाते, आणि कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. फोन बंद पडला की दुधाचा हिशेब, बँकेचा ओटीपी, रात्री शेतावर गेलेल्या माणसाचा पत्ता, सगळंच बंद.

माझा चुलतभाऊ अकरावीत आहे. त्याने विचारलं, "दादा, फवारणी पंपात १२ व्होल्टची बॅटरी आहे. तिच्यावर पप्पांचा फोन चार्ज होईल का?"

होईल. पण फोनला हवेत ५ व्होल्ट. मधले ७ व्होल्ट कुठे घालवायचे, हाच आजचा विषय.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ७८०५ नावाची तीन पायांची आयसी. एका बाजूने १२ द्या, दुसरीकडून ५ घ्या. पण ती उरलेले ७ व्होल्ट चक्क जाळते. गणित करा. फोन अर्धा अँपिअर ओढतोय. फोनला मिळाले ५ गुणिले ०.५, म्हणजे अडीच वॅट. उष्णतेत गेले ७ गुणिले ०.५, म्हणजे साडेतीन वॅट. फोनपेक्षा हवेला जास्त! कार्यक्षमता ४२ टक्क्यांच्या आसपास. ॲक्सिलरेटर पिळून ब्रेकवर गाडी हळू चालवण्यासारखं आहे हे.

दुसरा उपाय म्हणजे बक कन्व्हर्टर. तो व्होल्टेज जाळत नाही, तुकडे करतो. एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. पुढे असते तांब्याच्या तारेची कॉइल, म्हणजे इंडक्टर. कडबाकुट्टीचं जड चाक आठवा. हात मारला की फिरतं, आणि हात काढला तरी लगेच थांबत नाही. कॉइलमधल्या करंटचं तसंच आहे. स्विच बंद झाला तरी करंट वाहत राहतो, आणि त्याला परतीची वाट डायोड देतो. शेवटी कपॅसिटर धक्के सपाट करतो. अशा सर्किटमध्ये साधारण ७५ ते ८० टक्के ऊर्जा फोनपर्यंत पोचते.

आम्ही आयसी घेतली एमसी ३४०६३. आठ पायांची, जुनी, स्वस्त, आणि नवशिक्याला हाताने सोल्डर करता येईल एवढी मोठी. सोबत २२० मायक्रोहेन्रीची कॉइल, १एन५८१९ शॉट्की डायोड, इनपुटला १०० आणि आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वेग ठरवायला ४७० पिकोफॅरड, आणि करंटवर लगाम म्हणून ०.३३ ओहमचा रेझिस्टर. माल पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळाला. दोन गोष्टी लक्षात ठेवा. डायोड म्हणून घरात पडलेला ४००७ लावू नका, तो या वेगाला मंद पडतो. आणि कॉइल किमान एक अँपिअर झेपणारी घ्या. बारीक कॉइल संपृक्त झाली की ती कॉइल राहत नाही, नुसती तार होते.

आता कोडिंगवाल्यांसाठी मजेची गोष्ट. ही आयसी म्हणजे एक 'इफ' आहे. तिच्या एका पायावर आउटपुटचा ठरावीक हिस्सा येतो. तो १.२५ व्होल्टपेक्षा कमी असेल तर स्विच चालव, नाहीतर थांब. हिस्सा ठरवतात दोन रेझिस्टर, ३.६ किलोओहम आणि १.२ किलोओहम. एकूण ४.८, त्यातला १.२ म्हणजे बरोबर पाव. ५ चा पाव १.२५. झालं!

पण विचार करा, ३.६ किलोओहमवाल्याचा टाका सुटला तर? आयसीला दिसतं शून्य. तिला वाटतं आउटपुट कमी आहे, आणि ती स्विच चालवतच राहते.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. भाऊ चार्जिंगची वायर घेऊन तयार होता. मी म्हटलं, "थांब. आधी मीटर, मग रेझिस्टर, फोन सगळ्यात शेवटी." मीटर लावला तर ५ नाही, १० च्या वर आकडा. टाका कोरडा होता, रेझिस्टर बोटाने हलत होता. काकांचा फोन तेव्हा जोडला असता तर? काका शेजारीच उभे होते. म्हणाले, "बरं झालं बाबा, पेरणीच्या तोंडावर नवा फोन कुठनं आणायचा?"

टाका परत मारला, मीटरवर ५ आले. मग फोनऐवजी १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावला. तोही अर्धा अँपिअर ओढतो. पंधरा मिनिटं चालू ठेवला. रेझिस्टर चांगलाच तापतो, हात लावू नका. व्होल्टेज हललं नाही, आयसी कोमटच राहिली. शिवाय आउटपुटला ५.६ व्होल्टचा, ५ वॅटचा झेनर उलटा जोडला. पुढे कधी फीडबॅक तुटला तर तो तापेल, पण फोनपर्यंत १० व्होल्ट जाऊ देणार नाही. मग फोन लावला.

तुम्ही म्हणाल, तयार मॉड्यूल मिळतं की! मिळतं, आणि जरूर वापरा. पण त्यावर एक छोटा पितळी स्क्रू असतो, तो फिरला की आउटपुट बदलतं. मीटर लावून बघायची सवय तिथेही लागतेच.

आता नियम. बॅटरीच्या प्लस टोकालाच, अगदी जवळ, एक अँपिअरचा फ्यूज. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण शॉर्ट झाला तर वायर पेटते. ब्रेडबोर्डवर हे सर्किट नीट चालत नाही. झीरो पीसीबी घ्या आणि वायरी आखूड ठेवा. लेड-ॲसिड बॅटरी ११ व्होल्टच्या खाली उतरवू नका, नाहीतर सकाळी फवारणीला पंप चालणार नाही. ८ अँपिअर-अवरची बॅटरी अर्धीच वापरली तरी एक-दीड फोन आरामात भरतो. आणि घरच्या २३० व्होल्टवर हे प्रयोग नाहीत. अजिबात नाहीत.

भाऊ आता विचारतोय, ३.७ व्होल्टच्या सेलवरून १२ व्होल्टचा राऊटर चालवता येईल का. म्हणजे उलटा प्रवास, बूस्ट कन्व्हर्टर. तो पुढच्या भागात. तोपर्यंत एक मल्टिमीटर घेऊन ठेवा, आणि प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवा. चला, भेटू!